दहा दिवसांत द्यायचा कागद

केडगाव, ता. दौंड, जि. पुणे

प्रति,
ग्रामीण भागातल्या पोलीस ठाण्यांत मोटार अपघातांचा तपास करणारे सर्व अधिकारी आणि अंमलदार यांस,



मी केडगावचा. शाळेत मराठी शिकवत नोकरी संपली. स्टेशनपासून चौफुल्यापर्यंत आजही सायकलवरच जातो. गावात कुणाला तहसीलचा, बँकेचा, पेन्शनचा अर्ज लिहायचा असला की लोक माझ्या ओट्यावर येऊन बसतात. गेल्या काही वर्षांत त्या अर्जांमध्ये अपघाताचे अर्ज वाढले आहेत आणि त्यांत सायकलवाल्यांचे बरेच असतात. दूध घालायला निघालेला माणूस, गुऱ्हाळावर कामाला जाणारा मजूर, बोरीपारधी-वाखारीकडून शाळेला येणारी पोरे. बहुतेकांचे कागद माझ्यापुढे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे. वकिलांना किंवा विमा कंपन्यांना लिहिले नाही, कारण जखमी सायकलस्वाराला कायद्याचा पहिला माणूस भेटतो तो तुम्ही. त्याच्या दाव्याचे काय होणार, हे बरेचसे पहिल्या दहा दिवसांत तुम्ही काय करता त्यावर ठरते.

माझ्या मेहुण्याचे सांगतो. तो दुसऱ्या तालुक्यात राहतो. तालुक्याचे आणि ठाण्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे सगळीकडेच घडताना मी पाहतो. पहाटे पाच वाजता दोन किटल्या सायकलला अडकवून तो डेअरीकडे निघाला होता. मागून पिकअप आला. मांडीचे हाड मोडले, सळई घालावी लागली. गाडीचालक थांबला होता, गाडीचा नंबर मिळाला होता, गाडीला विमा होता. म्हणजे दाव्याला लागते ते सगळे हाताशी होते. ठाण्यात त्याच्या बायकोला सांगितले गेले, "ताई, सायकलला ना पासिंग ना विमा, क्लेम कशावर करणार? मालक भला माणूस आहे, दवाखान्याचे काही देतोय. मिटवून घ्या." पंधरा हजार रुपये मिळाले. शंभराच्या स्टॅम्पवर 'आमची काही तक्रार नाही' असे लिहून दोघांच्या सह्या झाल्या. स्टेशन डायरीत नोंद झाली, गुन्हा दाखल झाला नाही. मोडकी सायकल घरच्यांनी भंगारात घातली. माझ्याकडे तो आला आठ महिन्यांनी, कुबडी घेऊन, दोन म्हशी विकून झाल्यावर.

त्या अंमलदाराच्या मनात वाईट होते असे मी म्हणत नाही. गरिबाला कोर्टाच्या चकरा नकोत, हातात चार पैसे पडावेत, असेच त्याला वाटले असेल. पण त्याने जे सांगितले ते चुकीचे होते, आणि त्या एका वाक्याची किंमत एका घराने आयुष्यभर मोजायची आहे.

सायकलला विमा लागतच नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे रस्त्यावर आणलेल्या मोटार वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या जोखमीचा विमा सक्तीचा आहे, कलम १४६. ही त्रयस्थ व्यक्ती म्हणजे रस्त्याने चालणारा, सायकलवरचा, बांधावर उभा असलेला कुणीही. विमा पिकअपचा असतो, हक्क सायकलस्वाराचा असतो. चालकाकडे योग्य परवाना नसला तरी अनेक खटल्यांत न्यायालयांनी विमा कंपनीला आधी जखमीचे पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला लावले आहे. गाडीला विमाच नसेल, तर मालक स्वतः देणे लागतो. यांपैकी एकही गोष्ट नवी नाही. तरी माझ्या ओट्यावर येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ती माहीत नसते आणि ठाण्यातून ती त्यांना कुणी सांगितलेली नसते.

सांगायची व्यवस्था मात्र कायद्यात आहे, आणि या पत्राचा मुख्य विषय तोच आहे. १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत अपघाताच्या तपासाची नवी कार्यपद्धती लागू झाली. दिल्ली उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार झालेली ही पद्धत. तिच्याप्रमाणे ४८ तासांच्या आत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे जायला हवा. पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल, नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल. आणि दहा दिवसांच्या आत तपास अधिकाऱ्याने जखमीला किंवा मृताच्या वारसाला एक कागद द्यायचा आहे, नमुना २. अपघातग्रस्ताचे हक्क कोणते आणि पुढचे टप्पे कसे, हे त्या कागदावर लिहिलेले असते. १५ डिसेंबर २०२२ रोजी गोहर मोहम्मद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत काटेकोर पाळायला सांगितली आणि त्यासाठी पोलीस दलात वेगळे पथक नेमण्याचे आदेश राज्यांना दिले.

साहेब, इतक्या वर्षांत माझ्यापुढे आलेल्या कागदांच्या पिशव्यांत एक्स-रे असतात, मेडिकलच्या पावत्या असतात, देवाचा अंगारासुद्धा असतो. नमुना २ मी एकदाही पाहिलेला नाही.

या कागदाचे महत्त्व इतके का? कारण दाव्याला मुदत आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या दुरुस्त झालेल्या कलम १६६ प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर गरिबाने बसून राहू नये. हाड जुळायलाच चार महिने जातात, पाचव्या महिन्यात माणूस उसनवारी फेडायच्या मागे लागतो, सहावा महिना कधी संपला हे त्याला कळत नाही. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती जास्त मोलाची. पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पाठवलेला अपघाताचा अहवाल हाच नुकसानभरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. म्हणजे तुम्ही तुमचे काम वेळेत केले, तर अडाणी माणसाचा दावा त्याला न कळतासुद्धा उभा राहू शकतो. तुम्ही अहवाल पाठवलाच नाही, तर त्याला स्वतःच वकील शोधावा लागतो, आणि तोवर पुरावा गेलेला असतो.

पुराव्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सायकलवाल्याचा दावा बहुतेक वेळा इथेच पडतो.

पंचनाम्यात मी पुन्हापुन्हा एक वाक्य वाचतो, 'सायकलस्वार अचानक आडवा आला.' हे कुणाचे म्हणणे? चालकाचे. जखमी तेव्हा बेशुद्ध किंवा दवाखान्यात असतो, त्यामुळे जागेवर बोलायला उरतो तो गाडीवालाच. त्याचे म्हणणे पंचांच्या सह्यांखाली वस्तुस्थिती होऊन बसते. पुढे विमा कंपनीचा वकील तेच वाक्य उचलतो आणि सायकलस्वाराचाही दोष होता असे मांडून भरपाईतून टक्के कापायला सांगतो. हे टाळणे अवघड नाही. सायकलीचे कोणते चाक वाकले आहे तेवढे लिहा. मागचे चाक चेपले असेल आणि पुढचे शाबूत असेल, तर धडक मागून बसली हे सायकलच सांगते. मडगार्डला गाडीचा रंग लागला आहे का, किटल्या किती फुटांवर पडल्या, ब्रेकच्या खुणा डांबरावर आहेत का, सायकल डांबराच्या कडेला होती की मधोमध, हे टेपने मोजून लिहा. मागचा लाल रिफ्लेक्टर होता की नव्हता, तेही लिहा. नसला तर नव्हता असेच लिहा, आम्ही खोटे मागत नाही. पण त्याच ओळीखाली गाडीचा दिवा चालू होता का आणि रस्ता सरळ होता का, हेही येऊ द्या. सरळ मोकळ्या रस्त्यावर पन्नास फुटांवरची सायकल ज्याला दिसली नाही, त्याला रिफ्लेक्टर नव्हता ही सबब पुरेशी नाही.

आणि कृपा करून ती सायकल जप्त करा. ट्रक जप्त होतो, मोटारसायकल जप्त होते, सायकल मात्र 'घेऊन जा घरी' म्हणून देऊन टाकतात. माझ्या मेहुण्याची सायकल तीनशे रुपयांना गेली. त्याच्या बाजूने बोलणारी ती एकमेव साक्षीदार होती. रस्त्याकडेच्या ढाब्यांचे, पेट्रोल पंपांचे कॅमेरे पाहायलाही त्याच आठवड्यात जावे लागते. पंधरावीस दिवसांनी गेलात तर जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढलेले असते.

आमच्या भागाचे एक वेगळे दुखणे आहे, ते इथे मांडलेच पाहिजे. गळिताचा हंगाम सुरू झाला की पाटस, आलेगाव या बाजूंच्या कारखान्यांकडे रात्रंदिवस ऊस चालू होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे येणाऱ्या रस्त्यावर किंवा सोलापूर हायवेच्या कडेने पहाटे सायकल चालवणाऱ्याला बाहेर आलेल्या उसाचा नुसता फटका बसला तरी तो खाली पडतो. चालकाला पुढे बसून ते कळतही नाही. हंगामाच्या तोंडावर पोलीस आणि कारखाने रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात, तिचे मला कौतुक आहे. पण अपघात झाल्यावर ट्रॅक्टरबरोबर दोन्ही ट्रॉल्यांचेही नंबर लिहा, दोन्हींचे विम्याचे कागद मागा, ऊस कुणाचा आणि वाहतुकीचा करार कुणाशी होता ते जबाबात घ्या. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी आणि काम मात्र भाड्याच्या वाहतुकीचे, अशी हरकत विमा कंपनी घेतेच. तेव्हा जबाबदार कोण, हे शोधायला तुमचा पहिला कागदच कामाला येतो.

आता पळून गेलेल्या गाडीविषयी. चालक सापडला नाही की घरचे लोक आशाच सोडतात, आणि ठाण्यातही 'गाडीच नाही तर काय करणार' असे म्हटले जाते. पण अशा अपघातासाठी कलम १६१ खाली २०२२ ची स्वतंत्र योजना आहे. मृत्यू झाला तर वारसांना दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. अर्ज न्यायालयात करायचा नाही, आपल्या प्रांत किंवा तहसीलदार दर्जाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. मंजुरी जिल्हाधिकारी स्तरावर होते. आता आकडे पाहा. २०२२ साली देशात ठोकर मारून पळून जाण्याच्या ६७,३८७ घटना नोंदल्या गेल्या, आणि २०२२-२३ या वर्षात या योजनेखाली दावे आले फक्त २०५. मंजूर झाले ९५. हे आकडे सर्वोच्च न्यायालयानेच १२ जानेवारी २०२४ च्या आदेशात नमूद केले आणि लोकांना योजना माहीतच नाही असे त्याचे कारण दिले. त्याच आदेशात न्यायालयाने तुमच्यावर काम सोपवले आहे. महिन्याभरात गाडीचा तपास लागला नाही, तर ठाण्याने जखमीला किंवा वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यायची आणि अहवाल दावा चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवायचा. हे ऐच्छिक काम नाही, न्यायालयाचा आदेश आहे.

दवाखान्याचे थोडक्यात. १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून कायदा स्पष्ट आहे की आधी उपचार, मग पोलीस कागद. मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजना अधिसूचित झाली, अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, नेमून दिलेल्या रुग्णालयांत. या योजनेत पोलिसांकडून अपघाताची खात्री व्हावी लागते. रात्री अकरा वाजता दवाखान्यातून तुमच्याकडे विचारणा आली, तर सकाळची वाट पाहू नका. आणि ज्या माणसाने जखमीला उचलून आणले त्याला बसवून ठेवू नका. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४अ त्याला संरक्षण देते. तो घरी सुखरूप गेला, तरच पुढच्या वेळी दुसरा कुणी थांबेल.

शाळेतल्या पोरांविषयी मला सर्वात जास्त बोलावेसे वाटते, पण थोडक्यात आवरतो. सायकलवरच्या मुलाला धडक बसली की ठाण्यात आणि गावात एकच बोलणे असते, 'पोरगं कमावतं थोडंच होतं.' सर्वोच्च न्यायालयाने हे बोलणे केव्हाच मोडून काढले आहे. हरियाणातली काजल नावाची बारा वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जात होती, ट्रकने धडक दिली, मेंदूला इजा होऊन ती कायमची परावलंबी झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने तिला बासष्ट लाखांहून अधिक भरपाई दिली. तिच्या कमाईचा अंदाज कुशल कामगाराच्या वेतनावर बांधला, आणि तिला आयुष्यभर लागणाऱ्या सेवेचाही हिशेब धरला. आमच्या शिवारातल्या मुलीला तोच कायदा लागू आहे. घरातल्या बाईचे कामही तसेच. 'ती काही कमवत नव्हती' असे जबाबात लिहू नका. ती पहाटे चारला उठून गोठ्यापासून चुलीपर्यंत काय काय करते, ते लिहा. न्यायालये गृहिणीच्या कामाचे मोल धरतात.

तुमची अडचण मला दिसत नाही असे नाही. एका ठाण्याला कितीतरी गावे, माणसे कमी, एका रात्रीत हायवेवर दोन अपघात, मध्येच यात्रेचा बंदोबस्त. आमच्या गावचा पोलिसात गेलेला माझाच एक विद्यार्थी सांगतो, "सर, छत्तीस तास झोप नाही झाली." मी त्याला खोटे म्हणणार नाही. पण हेही पाहा. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नेरुळच्या पाम बीच मार्गावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेने गेले, तेव्हा देशभर बातमी झाली. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते मोटारीखाली गेले आणि तपासाचा प्रत्येक कागद लोकांनी मागितला. ते योग्यच झाले. पण देशात वर्षाला सुमारे साडेचार हजार सायकलस्वार रस्त्यावर मरतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा कागद मागायला कुणीच येत नाही. ज्याच्यामागे कुणी नाही, त्याच्यासाठी तर तुम्ही आहात.

म्हणून मागणे एवढेच. गंभीर दुखापत झाली असेल तर स्टेशन डायरीवर थांबू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ आणि २८१ खाली हा दखलपात्र गुन्हा आहे, तो नोंदवा आणि फिर्यादीची प्रत फुकट द्या, ती फिर्याद देणाऱ्याच्या हक्काची आहे. ठाण्याच्या आवारात तडजोडीचे स्टॅम्प लिहू देऊ नका. त्या कागदाने न्यायाधिकरणाचे दार आपोआप बंद होत नाही, पण तो पुढे जखमीच्याच विरुद्ध वापरला जातो. ज्याला वकील परवडत नाही त्याला तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीचे नाव सांगा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग यांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आणि जबाब दवाखान्यात जाऊन, जखमी शुद्धीवर आल्यावर, त्याच्याच शब्दांत घ्या.

मेहुण्याचा अर्ज आम्ही आता दाखल केला आहे. गुन्हा उशिराने, वरिष्ठांकडे लेखी तक्रार केल्यावर नोंदला गेला. सायकल नाही, त्या दिवसाचा पंचनामा नाही, उलट पंधरा हजारांचा स्टॅम्प समोर आहे. निकाल काय लागेल तो लागो. तो आता उभा राहून दूध काढू शकत नाही.

गळिताचा नवा हंगाम सुरू होण्याआधी आपल्या ठाण्यात नमुना २ च्या मराठी प्रती, मोठ्या अक्षरांत छापलेल्या, तयार ठेवा. सायकलस्वार जखमी झाला की दहा दिवसांच्या आत ती प्रत त्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या हातात द्या, दोन मिनिटे बसून वाचून दाखवा आणि मिळाल्याची सही घ्या. ज्या ठाण्याला मराठी प्रत लिहून हवी असेल, त्याला मी ती स्वतः लिहून देईन.

आपला नम्र,
केडगावचा एक निवृत्त शिक्षक